मोठीचे गुडघे

माझ्या नवऱ्याच्या घरात मी दुसरी आले. पहिली होतीच. तिला मूल झालं नाही म्हणून मला आणलं. तेव्हा कायदा आडवा येत नव्हता, पुढे थोड्याच वर्षांत तो आला. माझे वडील वारले होते आणि सातवी पास होऊन मी चिखलीला मामाकडे राहत होते. उंद्रीला विहिरीचा मळा आहे, माणूस निर्व्यसनी आहे, पोरगी उपाशी राहणार नाही, एवढं मामाने आईला सांगितलं. त्यातलं काही खोटं निघालं नाही.

नवऱ्याला आम्ही दोघी मालक म्हणायचो. ते आम्हाला मोठी आणि लहानी म्हणायचे. तिला तोंडावर मी बाई म्हणत असे, पण इथे मोठीच म्हणते, कारण मनात मी तिला तसंच म्हणायची. मी आले तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता. मग तो मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला. तोवर माझी तिन्ही मुलं अंगणात खेळायला लागली होती.

गावातल्या बायांना वाटायचं, जळत असेल तर मोठी जळत असेल. पाणी भरताना त्या मला हळूच विचारायच्या, कशी वागवते तुले? मी म्हणायची, चांगली. ते खरंच होतं. मोठी मला कधी टाकून बोलली नाही. माझी पोरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. तिला ती मोठी माय म्हणत आणि झोपायला तिच्याच गोधडीत जात. जळत होते ती मी.

कारण सांगायला गेलं तर हाताला लागत नाही. मालक माझ्याशी बोलत नव्हते असं नाही. मिरची तोडायला किती बाया सांगायच्या, पोराचा ताप उतरला का, पाणी तापलं का, हे सगळं ते मला विचारत. कामाचं बोलणं माझ्याशी व्हायचं. बिनकामाचं बोलणं मात्र तिच्याशी. बाजारातून आले की खांद्यावरचा शेला खुंटीला लावून ते तिच्याजवळ बसत आणि कोणाचा बैल उधळला, कोणत्या दलालाने कोणाला कसं गंडवलं, एस्टीत कोण भेटलं, हे सांगत राहत. ती भाजी निवडत ऐकायची आणि मधूनच हसायची. मी चुलीपुढे भाकरी थापत असायची. मलाही ऐकू येत होतंच, पण ते मला सांगितलेलं नव्हतं.

मोठी अंगाने भरलेली होती. लहानपणापासून तिचं आयुष्य उकिडवं बसून गेलं होतं. पहाटे जात्यावर, मग चुलीपुढे, मग मळ्यात वाफ्यात. मेथी उपटावी, कोथिंबीर खुडावी, वांग्यांतलं गवत काढावं, सगळं खाली बसूनच. पायऱ्या उतरताना ती भिंतीला हात लावते हे मी पाहिलं होतं. सकाळी उठल्यावर थोडा वेळ तिचे गुडघे आखडलेले असायचे, मग चालते व्हायचे. त्याला दुखणं म्हणावं असं कोणाला वाटलं नाही. वय झालं की गुडघे धरतात, असं सगळेच म्हणत.

एका थंडीत ती मेथीच्या वाफ्यात बसली आणि तिला उठताच येईना. तिने मला हाक मारली. मी जवळच होते. दोन्ही हात धरून ओढलं, पण उजवा गुडघा उघडायलाच तयार नव्हता आणि तिच्या तोंडातून असा आवाज निघाला की मी हात सोडून दिले. तिकडे विहिरीवर मालक मोट हाकत होते. तो आवाज ऐकून ते धावेवर, म्हणजे मोटेच्या उतारावर, बैल तसेच सोडून पळत आले. मोट भरलेली, बैल मध्यावर, नाड्याचा दोर ताणलेला. अशा वेळी बैल सोडणारा माणूस मी पाहिला नव्हता. एरवी त्यांनी तर कधीच सोडले नसते. बैल मागे ओढले गेले, कसेबसे सावरले आणि मोट धाडकन विहिरीत गेली. मालकांनी वळूनही पाहिलं नाही. मजुरी करणाऱ्या बाया समोर असताना त्यांनी मोठीला दोन्ही हातांवर उचललं आणि मळ्यातल्या झोपडीत बाजेवर नेऊन ठेवलं.

मी वाफ्यात उभी होते. पहिल्या वेळी पोटुशी असताना याच बांधावरून माझा पाय घसरला होता. तेव्हा मालकांनी धावेवरूनच विचारलं होतं, लागलं तं नाई? मी नाही म्हटलं आणि त्यांनी बैल पुढे हाकले. त्या दिवसापर्यंत मला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

मग उपचार सुरू झाले. उपचारांना घरात तोटा नव्हता. जो येईल तो काही सांगून जाई. आंबेहळद उगाळून लेप झाला. निरगुडीचा पाला उकळून त्याची वाफ झाली. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक झाला. शेवटी रुईच्या पानांवर गाडी थांबली. पानांना तिळाचं तेल लावायचं, तव्यावर ती मऊ पडेपर्यंत गरम करायची, गुडघ्याला लावायची आणि वरून फडकं बांधायचं. हे काम मालकांनी स्वतःकडे घेतलं. पाण्याचा तांब्या हातात दिल्याशिवाय न पिणारा माणूस रोज दिवेलागणीला माझ्या चुलीपुढे येऊन बसू लागला. मी भाकरी काढायची आणि ते त्याच तव्यावर रुईची पानं टाकायचे. उद्याच्या भाकरीला वास येईल, असं मी एकदा म्हणाले. त्यांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून वेगळा तवा आणला. तो त्यांनी आणायला नको होता असं मला किती वाटलं, हे कोणाला सांगून कळायचं नाही.

शेकाने तिला बरं वाटायचं, पण तेवढ्यापुरतं. मग शेजारच्या गावचा एक माणूस बिब्ब्याचे डाग द्यायला आला. त्याने दोन्ही गुडघ्यांवर बिब्बा लावला. दुसऱ्या दिवशी फोड उठले आणि पाण्याने टरारले. मूळ दुखणं राहिलं बाजूला, जखमाच सांभाळत बसावं लागलं. चिखलीच्या डॉक्टरने दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की ती चालायची, पण उपाशीपोटी घेत राहिल्याने पोटात आग पडली आणि काळी शी झाली. तेव्हा त्याच डॉक्टरने सांगितलं की गोळ्या आता बंद करा आणि बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा.

बुलढाण्याला ते दोघेच गेले. पहाटेच्या एस्टीने गेले आणि दिवस कलताना आले. दिवसभर मी मळा, पोरं, गुरं सगळं एकटीने केलं. तेवढ्याने मी थकले नसते, पण मनात सारखी ती एस्टी चालू होती. खिडकीपाशी ती बसली असेल, शेजारी हे बसले असतील. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी त्यांच्याबरोबर एकटीने एस्टीत बसले नव्हते. कुठे जायचं तर आम्ही सगळे जायचो, नाहीतर कोणीच नाही.

परत आल्यावर मालकांनी ओसरीवर बसून डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला सांगितलं. का, तर घरात शिकलेली मी होते आणि माझ्या लक्षात राहील म्हणून. गुडघ्यांच्या हाडांचा फोटो काढला होता. हाडांच्या टोकांवर जी गादी असते ती झिजली होती. ती पुन्हा भरून येत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं. याला कापाकापी नको आणि आपल्या भागात तशी सोयही नाही, पण दुखणं आवाक्यात ठेवता येतं, असं म्हणाले. उजव्या गुडघ्यात पाणी झालं होतं. ते सुईने काढून आत एक इंजेक्शन दिलं होतं. त्याने आराम पडेल, पण ते वरचेवर घ्यायचं नाही. गोळी रोज नाही, सूज चढली तरच, आणि जेवल्यावर. बिब्ब्याचे डाग पाहून डॉक्टर रागावले होते. शेक चालेल, पण चटका बसेल असा नको आणि गुडघा लाल होऊन तापला असेल तेव्हा अजिबात नको. वजन उतरवायचं. काठी घ्यायची, आणि ती दुखऱ्या पायाच्या बाजूला न धरता उलट्या हातात धरायची. यावर मालकांनी डॉक्टरांशी वाद घातला होता म्हणे. डॉक्टरांनी मोठीला दोन्ही प्रकारांनी चालायला लावलं आणि तिनेच सांगितलं की डाव्या हातात बरी वाटते.

एवढं ऐकून मला हुश्श वाटलं. पण खरी गोष्ट पुढेच होती. तिने खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, जमिनीवरून उठणं नाही.

आमच्या घरात खाली न बसता करण्यासारखं एकही काम नव्हतं. मालकांनी आठवड्याभरात घरच बदलायला काढलं. गवंड्याला बोलावून त्यांनी स्वयंपाकघरात कमरेइतका मातीचा ओटा घालून घेतला आणि चूल त्यावर चढवली. उंद्रीत तेव्हा उभ्याने स्वयंपाक करणारी बाई नव्हती. बाया पाहायला यायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. मग आली खुर्ची. हातांची, उंच पाठीची, सागवानी खुर्ची. घरात खुर्ची होती ती तलाठी किंवा पाहुणा आला तर ओसरीवर टाकायची, आणि तिचा एक पाय डुगडुगायचा. ही खुर्ची मोठीची होती. आणि परसात खड्डा खणून त्यावर सुताराकडून मधे भोक पाडलेली एक बैठक आणि भोवती पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा कूड. तिला लांब जायला नको आणि उकिडवं बसायलाही नको.

तो कूड उभा राहताना पाहून मला रडू आलं. तिन्ही वेळा पोटुशी असताना मी लोटा घेऊन नाल्यापर्यंत गेले होते. शेवटच्या वेळी पावसात, पाय सुजलेले, एका हाताने पोट धरून. मालकांना ते दिसत नव्हतं का? दिसत असणारच. पण तिथे कूड घालता येतो हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

तिने साखर-गूळ सोडला. तूप सोडलं. मालकांनी आपण होऊन बिनसाखरेचा चहा घ्यायला सुरुवात केली, तिला एकटीला कडू लागू नये म्हणून. मी दोघांना कडू चहा द्यायची आणि माझ्यात जास्त साखर घालायची. तो गोड चहा मला कधी गोड लागला नाही.

आणि व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मांडीचं मांस मजबूत झालं की गुडघ्यावरचा भार कमी होतो, म्हणून औषधापेक्षा हे महत्त्वाचं. बाजेवर पाय लांब करायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबून धरायची. मग पाय ताठ ठेवून वर उचलायचा आणि हळू खाली आणायचा. मग खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा. रोज, सकाळ-संध्याकाळ, दुखलं तरी थोडं थोडं. मालक बाजेच्या कडेला बसून मोजायचे. मोजताना ते मुद्दाम आकडे गाळायचे, ती पकडायची, मग दोघं हसायचे. त्या हसण्याचा आवाज ओट्यापर्यंत येई. त्या नव्या ओट्यावर आता मीच उभी होते. एकदा मी भाकरी इतक्या जोराने थापली की परात खाली पडली. मालकांनी आतून विचारलं, काय झालं वं? काही नाही, मी म्हणाले.

मी तेव्हा काय म्हणून जळत होते, ते आज नीट मांडता येतं. मला मोठीचं दुखणं नको होतं. ती बरी व्हावी असंच मला वाटत होतं. पण तिच्या गुडघ्यावर ठेवलेला तो हात मला हवा होता. माझ्या अंगाला ज्यांचा हात लागला त्यांच्या मायेचा हात कसा असतो, हे मी मोठीच्या गुडघ्यावर पाहत होते.

त्या वर्षी कपाशी बरी आली. गाड्या भरून मालक चार शेतकऱ्यांबरोबर मलकापूरला निघाले. तिथे भाव बरा मिळतो, पण गाड्यांची रांग लागली की दिवस मोडायचे. जाताना ते मला बजावून गेले की हिचा शेक आणि व्यायाम चुकवू नको. मी मान हलवली.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मोठीचे गुडघे हातात घेतले. बाहेरून ते मोठे, गोल दिसायचे. हात लावल्यावर कळलं की वरची मांडी किती बारीक होत गेली होती आणि गुडघा हलला की आत कसं कुरकुर वाजतं. बिब्ब्याचे डाग अजून काळे होते. मी पानं गालाला लावून पाहिली, थोडी निवू दिली आणि मग बांधली. ती डोळे मिटून बसली होती.

"मालकाले अंदाज नाई," ती म्हणाली. "रोज चटका देते. म्या कधी सांगतलं नाई. त्याले वाईट वाटते मंग."

मला आतून बरं वाटलं, अगदी उघड बरं वाटलं. मग तेवढ्यावर थांबवेना. मी विचारूनच टाकलं.

"बाई, मालक माह्याशी असं काऊन नाई वागत?"

फडक्याची गाठ तिने स्वतः सैल केली, पुन्हा बांधली.

"तू त्याले कधी काही मांगतलं का?" तिने विचारलं. "म्या बी मांगतलं नव्हतं. एवढी वर्सं पाय घासत होती मी, त्याले दिसलं का? त्या दिशी बोंबलली तवा दिसलं. तो वाईट मानूस नाई. पन त्याले मोठ्यानं सांगा लागते."

तीच पुढे म्हणाली, "अन् तुले वाटत असन मोठीचं बरं हाय. तुह्या तिन्ही बाळंतपनात शेगडी मीच भरत होती. लेकराले तेल लावून तुह्यापाशी देत होती अन् गोठ्यात जाऊन बसत होती. गाईपाशी. तवा मले कसं वाटत असन, हे तू कधी इचारलं नाई."

खरंच विचारलं नव्हतं. तिला कधी वाईट वाटत असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण ती हसत होती. मग ती म्हणाली की व्यायाम राहिला आहे, आणि तिने पाय उचलला.

मालक येईपर्यंत ते काम मी केलं. त्यामुळे माझं जळणं विझलं असं कोणी समजू नये. ते आले, त्यांनी बाजेची कड पुन्हा धरली आणि मी ओट्यापाशी गेले. एवढाच फरक झाला की आता मला मोठीचा राग येत नव्हता. राग येण्यापेक्षा ते जड जातं. राग असला की निदान कोणाकडे तरी तोंड करून उभं राहता येतं.

पावसाळ्यात उजवा गुडघा पुन्हा सुजला. पुन्हा बुलढाणा झालं. डॉक्टरांनी इंजेक्शन लगेच दिलं नाही. थोडे दिवस विसावा, पट्टी, गोळी आणि मग पुन्हा व्यायाम, असं सांगितलं. मोठी चिकाटीची. तिने काही सोडलं नाही. हळूहळू तिचं अंग उतरलं, लुगडं सैल झालं, मांडीत जोर आला. गुडघे बरे झाले असं म्हणता येणार नाही. सकाळी ते आखडायचेच, थंडीत कुरकुरायचेच. पण कामापुरते चालते झाले. काठी घेऊन ती देवळापर्यंत जायला लागली, मग मळ्यापर्यंत.

मळ्यात येऊन मात्र तिला काही करता येईना, कारण मळ्यातलं काम वाकून आणि बसून. तेव्हा मालकांनी डोकं चालवलं. चिखलीच्या आठवडी बाजारात भाजी विकायला एक माणूस लागत होताच. तिला एक उंच स्टूल करून दिलं. स्टुलावर बसून ती भाजी तोलायची आणि ते पोती उतरवायचे. बाजाराच्या दिवशी उजाडता उजाडता गाडी जुंपली जाई, ती पुढे मालकांच्या शेजारी गोधडीची घडी घेऊन बसे आणि दोघं निघून जात. तिची जीभ गोड, गिऱ्हाइकं तिच्याकडे जमायला लागली. परत येताना तिच्याकडे सांगायला इतकं असायचं की जेवताना ती बोलतच राहायची, आणि मालक मधे मधे म्हणायचे, तो सांग ना, टोपीवाला.

आधी तरी ती घरात होती. आता उपचार फळाला आले आणि ती दोघं जोडीने बाजाराला जाऊ लागली, आणि मेथीच्या वाफ्यात उकिडवी मी. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. उकिडवं बसणं वाईट, खालून उठणं वाईट. ते वाफ्यात बसल्या बसल्या आठवायचं आणि मी माझ्या गुडघ्यांवर हात ठेवून पाहायची. अजून ते गप्प होते.

एका बाजाराच्या आदल्या दिवशी जेवणं झाली, भांडी व्हायची होती. मी ओसरीवर गेले. मालक सुपारी कातरत होते, मोठी तिच्या खुर्चीत होती. मी मोठ्याने म्हणाले, "उद्या बाजारात मी जाईन."

मालकांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं काही आणायचं असेल, तर त्यांनी विचारलं, काय आनायचं सांग, ही घेऊन येते. मी म्हणाले, काही आणायचं नाही. मला जायचं आहे. त्यांनी मोठीकडे पाहिलं. मोठी आपल्या काठीकडे पाहत होती. मग ती म्हणाली की तिची मांडी आज भरून आली आहे, ती घरी राहील, आणि ओटा आहे तर उभ्याने स्वयंपाक होतो. तिची मांडी भरून आली नव्हती हे मला माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं तेही मी ओळखलं, कारण ते माझ्याच चेहऱ्यावरचं होतं.

सकाळी मी गाडीत पुढे बसले. वांग्यांची पोती मागे, कोथिंबिरीवर ओलं पोतं टाकलेलं. गाव मागे पडलं आणि मालक बोलायला लागले. हिनं सकाळी पाय उचलले का, पाहिलं का तू? तेल संपत आलं आहे, आज घ्यायला पाहिजे. पुढच्या महिन्यात बुलढाण्याला दाखवायचं. काठीचं रबर झिजलं, ते मिळते का पाहू. एक शब्द संपला की दुसरा, आणि सगळे तिच्या गुडघ्यांचे. मी ऐकत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, पाखरं राखणाऱ्यांच्या आरोळ्या येत होत्या. मला वाटलं गाडीतून उतरून पायी घरी जावं.

"आजच्या दिवस तिच्या गुडघ्याचं नाव नका काढू," मी म्हणाले. "आज मी बसली हाय इथं."

मालकांनी बैलांच्या शेपट्यांकडे पाहिलं. गाडी बरीच पुढे गेली. मला वाटलं आता ते चिडतील आणि चिखलीपर्यंत एक शब्द बोलणार नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "मंग काय बोलू?"

चिडून नव्हतं विचारलेलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि मला उत्तर द्यायचं होतं तर मलाही कळेना. इतकी वर्षं मी या बोलण्यासाठी जळले होते आणि आता ते माझ्या हातात आलं तर त्यात काय भरायचं हे मला माहीत नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. शेवटी म्हणाले की मामाच्या घरासमोर एक कडुनिंब होता, त्याच्या ढोलीत दरवर्षी पोपट पिल्लं घालायचे आणि मी शाळेतून आले की दप्तर टाकून आधी तिथे जायची.

"मामाच्या घरापुढं?" ते म्हणाले. "मले तं निंब आठवत नाई."

"लग्नाच्या आधीच तोडला."

"काऊन तोडला?"

मग मी सांगायला लागले. मामाचं आणि शेजाऱ्याचं भांडण कसं झालं, फांदी कोणाच्या कौलावर पडली, तोडणारा माणूस कसा वर चढून अडकला आणि त्याला खाली उतरवायला अर्धी गल्ली कशी जमली. त्या माणसाचं सांगताना मालक हसले. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांना हसवलं होतं, पहिल्यांदा. चिखलीचा नाका आला तेव्हा ते मला विचारत होते की त्या पोपटांचं मग काय झालं.